सातशे त्र्याण्णव पावलांची वरात

…नाही, पण मोजून काम करणं हा काय गुन्हा आहे? तुम्हीच सांगा! पान खायला निघालो तरी मागून कोणीतरी ओरडतं, "आनंदरावजी, टपरीपर्यंत किती पावलं?" आणि मी सांगतो. माहीत असतात ना मला! दोनशे सहा. ह्यात दात काढण्यासारखं काय आहे?

तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी तुमसरच्या राईस मिलमध्ये धानाचा ओलावा मोजतोय. पोतं आलं की मूठभर धान मशीनमध्ये टाकायचं, आकडा पाहायचा, वहीत लिहायचा. शेतकरी म्हणतो, "वाळला आहे जी, दातानं फोडून पाहा न!" फोडतो. मग मोजतोही. मग लिहितो. आणि अशा माणसाला पन्नाशीला आल्यावर वाटलं, की आपण डीजे व्हावं! का वाटलं? आता वाटण्याचं काय कारण असतं का… ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर खोके, समोर लॅपटॉप, मागे नाचणारा गाव… वाटलं, वाटलं! पण मी म्हटलं, घाई नको.

तुमसरला राजकुमारचं साऊंडचं दुकान आहे, तिथं मी सात रविवार गेलो. पहिल्या रविवारी त्यानं चहा पाजला. चौथ्या रविवारी मी दिसलो की तो आत जायचा. म्हणायचा, "भाऊ, सोपी गोष्ट आहे. दोन टॉप, दोन बेस, एक मशीन, एक मिक्सर. बेस कसा, छातीत वाजला पाहिजे!" मी विचारलं, "छातीत कुठं?" आता हा प्रश्न वाईट आहे का? माणसाची छाती काय लहान असते? त्यानं वाजवून दाखवलं, मी हात ठेवून पाहिलं आणि लिहून घेतलं… छातीत पुरेसा, पोटात थोडा, गुडघ्यात नाही. सातव्या रविवारी तो हात जोडून म्हणाला, "न्या जी, घेऊनच जा. वही भरली न आता?" वही भरली नव्हती, पण त्याचा चेहरा पाहून खोके आणले.

घरी आणले तर ठेवायचे कुठं? धानाच्या खोलीत. आमची बायको तुळसा दारात उभी राहून म्हणाली, "हे खोके आहेत का कपाटं?" मी म्हटलं, थांब, आधी आवाज तपासू. एक-एक आकडा वाढवत गेलो, लिहीत गेलो. तीनवर चमचे वाजतात. पाचवर भाताचा गंज वाजतो, झाकणासकट. सातवर तुळसा. म्हणाली, "दीड महिन्यात उन्हाळी धान घरी येते. तो काय तुमच्या डोक्यावर ठेवू? आयका. आपला जीवन आहे न, माह्या बहिणीचा पोरगा, त्याच्या वरातीत वाजवा. लोकं नाचले तर खोके इथं राहतील, मी धान बाहेर वसरीत ठेवीन. नाही नाचले, तर खोके राजकुमारच्या दारात. मंजूर?" मंजूर म्हणण्याशिवाय इलाज होता का? लिहून घेतलं. तारीख टाकून.

मग ते सॉफ्टवेअर! बाप्पा! तीन प्रकारची उतरवली. तिन्हीत लॅपटॉपवर दोन गोल तबकड्या दिसतात, एक वाजत असली की दुसरीवर पुढचं गाणं तयार ठेवायचं. मी हे तुळसाला समजावून सांगितलं तर म्हणते कशी, "मी रोज एका चुलीवर भाजी ठेवतो न दुसरीवर भात, मले कोनी डीजे म्हनते का?" बरोबर होतं तिचं! तर त्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्याचे मिनिटाला ठोके किती तो आकडा आपोआप येतो. एकशे अठ्ठावीस. मी घड्याळ लावून मोजले तर एकशे सत्तावीस. आता हा एक ठोका गेला कुठं? दुसऱ्यात पाहिलं, तिसऱ्यात पाहिलं, पुन्हा मोजले… माझाच एक सुटत होता, तीन दिवसांनी कळलं. पण कळलं ना! असं एक-एक गाणं तपासायला आठवडा. कुठं चढतं, कुठं उतरतं, कुठं दुसरं जोडायचं. लोक म्हणाले, लग्न जवळ आलं. मी म्हटलं, घाई नको.

लग्नाच्या दिवसापर्यंत चार गाणी तयार झाली.

हसू नका! हिशोब ऐका आधी. नवरी आमच्याच गावची. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत आठशे बारा पावलं. मी तीनदा चाललो… एकदा एकटा, एकदा भर उन्हात, एकदा तुळसाला घागर घेऊन पुढं घालून, कारण बायका हळू चालतात. अकरा मिनिटं. नवरदेव म्हणून एक मिनिट जास्त धरलं. बारा. तीन-तीन मिनिटांची चार गाणी. बारा! कुठं चुकलं?

चुकलं ते दुपारी चार वाजता, देवळासमोर. बारा मिनिटं संपली, चारही गाणी संपली, आणि वरात चालली किती? एकोणीस पावलं! अहो, मी मोजली ना ट्रॉलीवरून! जन्मभर वराती पाहिल्या मी, पण मोजली एकही नव्हती. नवरदेवाचे मित्र रस्त्यावर आडवे पडून नागीण झालेले, त्यांना ओलांडून घोडी जाणार कशी?

पुन्हा पहिल्यापासून लावलं. दुसऱ्या फेरीला नाचले, पण तिथंच, एक पाऊल पुढं नाही. तिसऱ्या फेरीला नागीण उठून बसली. पाचव्या फेरीला अर्धी वरात केशरबाईच्या ओट्यावर, पाणी पीत. ती म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "काहून गा आनंदराव, तुही चक्की अटकली का?" आणि तिकडून घोडीवरून जीवन, "मावसाजी, दुसरं लावा न! पाया पडतो!"

"तयार नाही."

"अजी, लॅपटॉपमध्ये शंभर गाने दिसून राहिले!"

"आहेत. पण तपासलेले नाहीत."

आणि तुळसा… बायकांच्या घोळक्यात उभी राहून एकेक खोका पाहत होती, जसं माणूस विकायच्या बैलाकडे पाहतो तसं. तेवढ्यात मांडवातून नवरीचा बाप पळत आला, घामाघूम. "मुहूर्त चालला जी! वरात हालवा! कसंही करा!"

आता तुम्ही काय केलं असतं? मी माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. तोंडातून निघालं तेच, जे डोक्यात होतं. "मंडळी, मांडवापर्यंत सातशे त्र्याण्णव पावलं राहिली. एक ठोका सोडून एक पाऊल. डावा पाय. एक!"

वरात माझ्याकडे पाहत राहिली. बेस वाजला. "दोन!" कोण्या एकानं थट्टेनं पाय टाकला. "तीन!" दहाला पोरं ओरडायला लागली, पन्नासला बायका उतरल्या, शंभरला केशरबाई ओटा सोडून निघाली, आणि दीडशेला तर काय सांगू… सगळा रस्ता एका सुरात आकडे ओरडतोय, हात वर, धूळ उडतेय, घोडीसुद्धा, तुम्हाला सांगतो, घोडीसुद्धा एक ठोका सोडून! सातशे त्र्याण्णवला नवरदेव मांडवाच्या दारात. एक पाऊल कमी नाही, एक जास्त नाही. मुहूर्ताला चार मिनिटं शिल्लक!

पंगतीत मी तुळसाच्या समोर जाऊन बसलो. म्हटलं, "पाहिलं? नाचले न?"

ती भात कालवत म्हणाली, "नाचले नाही. चालले."

"अवं, हात वर होते!"

"हात वर करून चालले. खोके उचला."

आणि वरातीतला एकही माणूस माझ्या बाजूनं बोलेना. जीवन म्हणतो, "मावसाजी, पाय दुखून राहिले, पन नाचल्यासारखं नाही वाटलं." सांगा! ज्याला मी मुहूर्तावर पोचवला तो!

मी राजकुमारला फोन लावला, खोके परत घे म्हटलं. तो म्हणाला, "भाऊ, घाई नको." …असं म्हणाला तो. मला!

तर खोके अजून माझ्याकडेच आहेत. धान खोलीत आला, खोके वसरीत आले, आणि वसरीत झोपणारा मी, अंगणात आलो. आणि कामं? आली ना! नऊ लग्नं आली. पण तुम्हाला सांगतो, नऊच्या नऊ मुलीकडची. एक नवरदेव बोलवत नाही. परवा सिहोऱ्याहून एक सोयरे आले, पोरीचे वडील, चांगला भारदस्त माणूस. चहा घेतला, खोक्यांना हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आनंदरावजी, तुमचं नाव ऐकूनच आलो. सारे म्हनतात, डीजे पाहिजे तर यांचाच सांगा… यांच्या डीजेवर कोनी नाचत नाही."