काच खाली

झाशीच्या सिविल लाइंसमधल्या गॅरेजात स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसलेल्या निशांतच्या कानावर अचानक घरच्यासारखं मराठी पडलं. शेजारच्या बाकावर एक वयस्कर जोडपं होतं आणि समोर त्यांची जुनी फियाट.

“अहो, मिस्त्री खोळंबलाय. एसी बसवायचा ना?”

“डॅशबोर्ड कापावा लागेल, लीला.”

“कापू दे. उन्हात भट्टी होते नुसती.”

“इंजिन जुनं आहे, ओढणार नाही.”

“ओढेल म्हणतोय तो. खरं काय ते सांगा.”

“एसी लावला की काचा वर कराव्या लागतात.”

“बरंच की! वाऱ्यात माझं बोलणं तुम्हाला ऐकू येतं कुठे? नुसती मान डोलवता.”

“सगळं ऐकू येतं.”

“काय ऐकलंत, सांगा बघू.”

“दतियाहून येताना म्हणालीस, ‘सगळा जन्म झाशीत काढला, पण मला इथं करमतं का, हे यांनी एकदाही विचारलं नाही.’”

“अगबाई! मग तेव्हा बोलला का नाहीत?”

“बोललो असतो, तर पुन्हा काही म्हणाली नसतीस. मनातलं तू काच खाली असतानाच बोलतेस.”

मिस्त्री हात पुसत आला. “तो बाबूजी, एसी पक्का?”

लीलाबाईंनीच उत्तर दिलं. “रहने दो, भैया. बस मेरी तरफ़ का शीशा अटकता है, वो ठीक कर दो.”

मग त्या निशांतकडे वळल्या. “बेटा, तुम मराठी समझते हो क्या?”

“जी?” निशांत म्हणाला. “नहीं, माताजी.”