नाही म्हणायला गेलेला माणूस

(न्यू हॅम्पशायर, जून १७८८. गावाच्या सभाघराची पायरी. कॉंकर्डच्या अधिवेशनाहून परतलेला गावचा प्रतिनिधी जोथम, त्याची बायको मेहिटेबल, आणि गावसभेचे प्रमुख आणि चर्चचे डीकन, म्हणजे कारभारी, शुबेल.)

जोथम : मंजूर झालं, डीकन. नवं संविधान. दहा मतांनी. आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं धरा, आणि मला विचारा, प्रवास कसा झाला.

शुबेल : प्रवास कसा झाला?

जोथम : घोडा लंगडतोय. बाकी उत्तम.

शुबेल : जोथम, गावानं हात वर करून ठरवलं होतं, आपला माणूस 'नाही' म्हणणार. तू सगळ्यांदेखत शब्द दिलास. म्हणालास का 'नाही'?

जोथम : 'हो' मुळीच म्हणालो नाही.

शुबेल : ते मी विचारलं नाही.

जोथम : नावं पुकारली तेव्हा मी समोरच्या खानावळीत होतो. एका जज्जसाहेबांनी आग्रहानं जेवायला नेलं. मटण, वाटाणे, वर रम.

मेहिटेबल : घरी ह्यांना वाटाण्याचा वासही चालत नाही.

जोथम : देशासाठी खाल्ले.

शुबेल : एकटाच होतास?

जोथम : छे! 'नाही' म्हणायला पाठवलेले आणखीही होते. सगळे अगदी सावकाश चावत होते. मतदानाची घंटा वाजली तसं एकानं परत वाटाणे मागितले.

शुबेल : म्हणजे तुला पटलं होतं.

जोथम : निघालो तेव्हा नव्हतं. तिथं बसून ऐकलं. आठ राज्यं आधीच तयार, नववं आलं की देश उभा. आणि नववे आपण! 'हो' म्हणावं तर शब्द दिलेला, 'नाही' म्हणवेना. तोंड रिकामं ठेवलं असतं तर काहीतरी बाहेर पडलंच असतं.

शुबेल : शब्द मोडणाऱ्याला गावसभेत पुन्हा कधी तोंड उघडता येत नाही, माहितीये ना? बातमी तुझ्या लंगड्या घोड्याआधी पोचलीय, लोक आत तुझं तोंड बंद करायलाच जमलेत. वर तुला मोकाट डुकरं पकडणारा मुकादम करायचं म्हणतायत.

जोथम : मोडला कुठं? नुसता वापरला नाही.

मेहिटेबल : डीकन, बोलणं बंद करा हवं तर, पण डुकरं नको. गेल्या साली आमचीच डुकरीण पकडायला गेले. शेवटी तीच ह्यांना घरी घेऊन आली.

शुबेल : जोथम, खरं सांग. उभा राहील हा देश?

जोथम : राहील. डोळे मिटून सांगतो.

शुबेल : डोळे उघडे ठेव, लिहायचंय. घे कागद. अधिवेशनाला अर्ज.

जोथम : अहो, अधिवेशन कायमचं उठलं. तिथं आता उत्तर द्यायला झाडूवालाही नाही.

शुबेल : मला ठाऊक आहे. लिही. "आमचे प्रतिनिधी 'नाही' म्हणण्यास पूर्ण तयार असता केवळ तोंडात घास असल्याने राहून गेले. सबब मतदान पुन्हा, जेवणाची वेळ टाळून, घेण्यात यावे. आणि आपले उत्तर येईपर्यंत सदर गृहस्थांचा गावसभेत बोलण्याचा हक्क आहे तसा चालू राहावा, ही नम्र विनंती."