हरकत

आईच्या मृत्यूचा दाखला पर्समध्ये ठेवून मी श्रीगोंद्याच्या एसटीत बसले होते. पुढच्या सीटवर एक म्हातारी आणि तिची चाळिशीची भाची होती.

“आत्या, दोन रविवार पाळकांनी चर्चमध्ये आमची नावं वाचली. ‘या लग्नाला कुणाची हरकत आहे का?’ कुणी खोकलंसुद्धा नाही.”

“चर्चची मंडळी खूश आहे, सुवार्ता. किती वर्षं वाट बघत होते सगळे.”

“या रविवारी शेवटचं वाचन. तू उठून हरकत घे ना.”

“मी? काय सांगू? नवरदेव घोरतो म्हणून?”

“चेष्टा नको गं. मला भीती वाटते. पाळकच म्हणतात ना, एकटं राहणंसुद्धा देवाचं दान आहे. तू राहिलीसच की.”

“राहिले. लोक म्हणतात, नर्सबाईंनी आयुष्य प्रभूला वाहिलं.”

“मग?”

“पाच वर्षं झाली, झोपताना मी दाराला आतून कडी लावत नाही.”

“अगं, चोर शिरला म्हणजे?”

“शिरू दे. सकाळी उठलेच नाही तर लोकांना दार फोडायला नको.”

“हे कधी बोलली नाहीस.”

“कुणी विचारलं नाही. आता सांग, उठू रविवारी?”

“नको. लग्न झालं की तू आमच्याकडेच राहायला ये.”

“त्याला विचारलंस?”

“नाही.”

“का?”

“त्याला काही विचारायचं म्हटलं की हातपाय गार पडतात माझे.”

“मग उठते मी.”