मनीषाच्या घरचे

मनीषा दहाला आली नाही, तेव्हाच मी फोनकडे वळले. ही मुलगी कधी उशीर करत नसे. त्या वर्षी पेणच्या कॉलेजात, ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कुणी कॉलेजात आलं होतं अशा मुलांना मार्गदर्शन करायचं काम माझ्याकडे होतं. मिठागरावर काम करणारे तिचे वडील तिचं नाव कॉलेजातून काढायला निघाले होते. "उद्या घरच्यांना घेऊन ये, मी समजावते," असं मीच तिला सांगितलं होतं.

बारा वाजले तरी कुणी नाही. धरमतरकडच्या त्यांच्या गावात एकच फोन, तोही दुकानात. नुसता वाजत होता.

"तिचं लग्न तर लावत नसतील?" मी शिपाईकाकांना विचारलं.

"बाई, फोन उचलला नाय म्हणून कुणाचं लगीन लागत नाय."

"मग दुकानात कुणीच कसं नाही?"

"तुम्ही चहा घ्या."

मी चहा सांडला आणि पुन्हा नंबर फिरवला. बऱ्याच वेळाने एका म्हातारीने उचलला.

"मनीषाच्या घरचे आहेत का हो? मी कॉलेजातून बोलतेय."

"कोन नाय गो. पोरीचं शिकनं आमच्यात गावकी ठरवते. सगला गाव टेंपोत बसून तुझ्याकडंच निघालाय. बाकडी पुरतील ना?"