सुकीनं भरलेली बाटली

(मोखाडा तालुक्यातला एक पाडा, १९९८चा फेब्रुवारी. वर टेकाडावर रसायनांची पिंपं धुण्याचा कारखाना, खाली ओहोळ. सुदर्शन सरकारी ऑफिसातून पाण्याचा नमुना घ्यायला आला आहे.)

गौराबाई : नको साहेब, ती बाटली माझ्या हातात देऊ नका. आधी इथं सावलीत या, जवळ बसा. गेल्या सालची एक कथा सांगते. कीर्तनातल्या बुवांसारखी गाता येत नाय मला, पण खरी आहे.

सुदर्शन : मावशी, कथेला वेळ कुठला? उतार घसरडा, तुमची रोजची वाट, म्हणून म्हटलं. भरून आणा, मी सील करतो. कारखान्याचा परवाना नवा व्हायचाय, मॅनेजर वर खोळंबलाय.

गौराबाई : मागचे साहेब पण असंच बोलले. बूट घालून इथंच उभे राहिले आणि बाटली दिली माझ्या भावजयीकडं. सुकी तिचं नाव. कीर्तन असलं की दोन कोस चालून पुढं जाऊन बसणारी. आता सांगा, सरकारचा पाहुणा दारी येऊन पाणी मागतो. ओहोळाला तांबूस फेस, बैल तोंड लावत नव्हता. असलं पाणी पाहुण्याला द्यायचं?

सुदर्शन : मग कुठलं भरलं तिनं?

गौराबाई : झऱ्याचं. करवंदीतून वर चढली, बाटली तीनदा विसळली, पदरातून गाळून भरली. साहेब एक घोट प्यायले नाहीत, बाटलीचं तोंड चिकटवून घेऊन गेले, याचंच तिला वाईट वाटलं.

सुदर्शन : म्हणजे फायलीतला तो रिपोर्ट...

गौराबाई : त्याच पाण्याचा. मॅनेजरनं पंचायतीत आणून लावला. मास्तरांनी वाचला, ओहोळाचं पाणी पिण्याजोगं. पाडा म्हणाला, सरकार खोटं कशाला लिहील. चैतात झरा आटला, तसे सगळ्यांनी ओहोळात हंडे बुडवले. सुकीनं पण. तिला काय ठाऊक, कागद कुठल्या पाण्याचा?

सुदर्शन : पुढं?

गौराबाई : पोरांना उलट्या लागल्या. सुकीची नात चिमी, चार वर्षांची. डोलीत घातली, जव्हारच्या दवाखान्यापर्यंत पोचली नाय. चिमीचे दिवस झाल्यावर मास्तरांनी विचारलं, साहेबांना पाणी कुणी दिलं होतं. सुकी म्हणाली, मी. कुठलं, तेही सांगितलं. मास्तर म्हणाले, मग कागद झऱ्याचा होता, ओहोळाचा नाय. तेव्हा तिला कळलं.

सुदर्शन : चूक तिची नव्हती, मावशी. नमुना घेणाऱ्यानं स्वतः उतरायचं, मॅनेजरच्या समोर भरायचं, असा नियम आहे.

गौराबाई : तेव्हा नव्हता?

सुदर्शन : होता.

गौराबाई : मग सुकी भजनाला गेली नाय. टाळ वाजला की कान झाकायची. मला म्हणाली, "बाय, मी चांगलं पाणी दिलं, त्यानंच माझी चिमी नेली." भात पोटरीला येऊन कणसं धरायच्या आत तीही गेली.

सुदर्शन : मॅनेजरला खाली बोलावतो. तुम्ही वाट दाखवा, भरतो मी.

गौराबाई : चला. पिंपांचं पाणी पडतं तिथंच बुडवा. आणि बाबा, देवाला आठवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही सुकीला आठवा.