तेजलचे उपास

मंडळी, ऐका! उपास धरला की तो पोचतो कुणाला? देवाला? सगळे माना हलवताय — थांबा जरा!

कराडजवळच्या एका गावात तेजल नावाची पोर. कॉलेजात फिजिक्स शिकायची. हातात मोबाईल — आणि त्यात काय? लांब मान, आत गेलेले गाल, मुठीत मावेल अशी कंबर! बोट सरकवलं की दुसरी, तिसरी! आणि आरशात? आरशात कणकेचा गोळा!

फोन जवळ धरून फोटो काढला की नाक मोठं दिसतं, हे तिला ठाऊक होतं. त्या बायांचे चेहरे यंत्रानं घासलेले असतात, हेही ठाऊक. पण नुसत्या ठाऊक असण्यानं कुणाचं मन भरलंय का हो?

आता घरात जेवायचं टाळायचं कसं? आई पान वाढून समोर बसते! पोरीनं युक्ती काढली — "आई, सोमवार धरलाय." मग मंगळवार देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा! आपलं कसं — एकादशी अन् दुप्पट खाशी! ही साबुदाण्यालाही शिवेना.

आईला, शैलाबाईंना, केवढं कौतुक! शेजारच्या कुमुदकाकू सुनेला म्हणाल्या, "शीक जरा! तुला वड्याचा वास आला की उपास आठवत नाही!" मग तेजलकडं वळून — "बारीक झालीस गं. छान दिसतेस!"

झालं! दुसऱ्या दिवसापासून पोरीनं बुधवारही धरला.

केस गळाले — आई म्हणाली, पाणी बाधलं असेल. पाळी थांबली — ते तिनं कुणाला सांगितलंच नाही. आणि एका सकाळी देवापुढं फुलं वाहता वाहता पोर कोसळली!

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्या हृदयाचे ठोके मंदावलेत. शरीर स्वतःलाच खातंय. घरात कुणाला दिसलं नाही?"

शैलाबाईंना दिसत होतं की! त्याला त्या भक्ती म्हणत होत्या.

पेजेची वाटी घेऊन त्या खाटेशी बसल्या. "मोड गं बाई उपास. पाप मला लागू दे."

तेजलनं तोंड फिरवलं. "पापाला कोण भितंय, आई? पेजेनं वजन वाढतं."

पेज निवली. वर पापुद्रा धरला. दुसरी केली, तीही निवली. ती माउली अजून चमचा धरून बसलीय, मंडळी — अजून!

देवाकडं त्यातला एक उपास पोचला नाही. त्यानं मागितलाच कुठं होता?

आता प्रसाद वाटतील. शेजारची पोर हात मागं घेते का, तेवढं बघा. मागं घेतला — तर तिला भाविक म्हणू नका. जवळ बसा, आणि विचारा — "बाळ, जेवलीस कधी?"