आईच्या गालांचा रंग

हॅलो? … अगं छोटे, किती फोन केले तुला! … हो, हो… अगं ऐक ना आधी. घोळ झालाय. बाबांचे फोटो गेले!

… अगं सगळे! स्टुडिओ बंद केल्यापासून त्यांनी काढलेले. आईचेसुद्धा. … मी काय केलं म्हणजे? आवरलं! फोल्डरांचा नुसता पसारा झाला होता, म्हणून वर्षांप्रमाणे लावून ठेवले… नाही, बाबांच्या त्या फोटोंच्या सॉफ्टवेअरमधून नाही, बाहेरूनच… बरं बाई, अक्कल गहाण टाकली होती मी! आता प्रत्येक फोटोवर प्रश्नचिन्ह येतंय. बाबा झोपलेत. उठले की चहा घेऊन ते इथेच बसतात, आईच्या फोटोंपाशी. रोज. त्यांना काय सांगू?

… हं… हं… म्हणजे फोटो आहेत, फक्त सॉफ्टवेअरला सापडत नाहीयेत? हुश्श! … थांब, एक उघडून बघते. बाहेरूनच ना? … हा घे, आईचा. शेवटच्या महिन्यातला, खिडकीपाशी खुर्चीत बसलीय तो…

अगं, हा बिघडलाय. … रंग गेलाय गं. आई पांढरीफटक दिसतेय, ओठसुद्धा. डोळ्यांखाली हे एवढं काळं… दुसरा? थांब… हाही तसाच. … म्हणजे काय, कॅमेऱ्यातून आला तसाच? आणि बाबांनी केलेलं रंगांचं काम सॉफ्टवेअरकडे वेगळं राहतं?

… म्हणजे ते गुलाबी गाल…

हॅलो? छोटे? आहेस ना?

… हो. बाबा तुला पाठवायचे ते हेच, गाल रंगवून. हाच निळा स्वेटर. … अगं, मी घसा फोडून सांगत होते, ती खंगत चाललीय, ये लवकर. आणि तू म्हणायचीस, ताई, तू उगाच घाबरवतेस, फोटोत तर छान दिसतेय. … मला वाटायचं, तुला यायचंच नाहीये.

… रडू नकोस गं. … नाही, तुझं कुठे चुकलं? … मला नव्हतं माहीत, शपथ. … आईनंच बाबांना सांगितलं असेल, लेकीच्या जिवाला घोर नको म्हणून. नाहीतर त्यांनाच बघवत नसेल. … हो, मलाही राग येतोय! पण आता या वयात त्यांच्याशी काय भांडायचं?

… ते फोल्डर कसं दाखवायचं, तेवढं सांग. … प्रश्नचिन्हावर… हं, कुठे आहे विचारतंय. … दाखवलं. … फिरतंय, फिरतंय…

आले. … गाल आले गं परत.

… श्श, बाबा उठले. … हो बाबा, छोटीचाच फोन. … या, बसा. खुर्ची पुढे घ्या. … काय? … थांबा, विचारते.

छोटे, बाबा विचारतायत, खिडकीपाशीचा फोटो त्यांनी पुन्हा जरा उजळलाय, काल पाठवला तुला, बघितलास का? … कशी दिसतेय म्हणतायत. … सांग ना काहीतरी. … छोटे? … हॅलो?

… हो बाबा. म्हणाली ना. छान दिसतेय म्हणाली.